आईच्या गळ्यातली डबी

माझी आई ७४ वर्षांची आहे. महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती, वर्गातल्या सगळ्या मुलांची नावं हजेरीपटाशिवाय घ्यायची. गेली दीड-दोन वर्षं मात्र सकाळी घेतलेली गोळी तिला दुपारी आठवत नाही. थायरॉइडची गोळी तिने एकदा एकाच सकाळी दोनदा घेतली. तेव्हापासून मी ऑफिसात असले तरी अर्धा जीव पाचपाखाडीतल्या घरी असतो. हे आधी सांगते, कारण आम्हाला फसवणाऱ्यांनी नेमकी हीच नस पकडली.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी आम्ही वाशीला एका प्रदर्शनात गेलो होतो. तिथे एका नव्या कंपनीचा स्टॉल होता. एआयवर चालणारी, गळ्यात घालायची पांढरी डबी. भोवतालचं बोलणं ऐकते, लक्षात ठेवते आणि विचारलं की मराठीत सांगते, असं ते म्हणत होते. स्टॉलवरचा मुलगा मराठीच, पंचविशीचा असेल. त्याने आईला आधी खुर्ची दिली, पाणी दिलं, मग डबी तिच्या गळ्यात घातली. "आजी, आज सकाळपासून काय काय केलंत?" आई सांगत गेली: उठले, गोळी घेतली, पोहे केले, ठाण्याहून गाडीने आले. पाच मिनिटांनी तो म्हणाला, "आता हिलाच विचारा, मी गोळी घेतली का?" आईने विचारलं. डबीतून बाईचा आवाज आला, "हो, सकाळी उठल्यावर घेतलीत."

आईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर तसा निवांतपणा मी वर्षभरात पाहिला नव्हता. मी किंमत विचारली तेव्हा घ्यायचं ठरलेलंच होतं.

१४,९९९ रुपये. पहिले तीन महिने सेवा फुकट, पुढे महिन्याला ४९९. मी एकच प्रश्न विचारला, आईचं बोलणं साठतं कुठे? "मॅडम, सगळं तुमच्या फोनमध्येच. बाहेर काहीच जात नाही." क्यूआर कोड स्कॅन केला तर कंपनीचं नाव न येता एका माणसाचं नाव आलं. तो म्हणाला, कंपनीच्या खात्याचं काम चालू आहे, बिल व्हॉट्सअॅपवर येईल. मी ते नाव वाचलं होतं, आणि तरीही पिन टाकला. तुमच्यावर ही वेळ आली तर तिथेच थांबा. दुकान कंपनीचं आणि पैसे कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यात, असा व्यवहार कितीही गोड बोलून सांगितला तरी करू नका.

घरी आल्यावर डबी चालली, पण अर्धवट. तिला आईचा आवाज आणि टीव्हीचा आवाज यांतला फरक कळत नव्हता. एका दुपारी मालिकेतल्या डॉक्टरांनी कुणाला तरी ऑपरेशन सांगितलं. संध्याकाळी आईने डबीला विचारलं, आज काय काय झालं? डबी म्हणाली, "डॉक्टरांनी तुम्हाला लवकर ऑपरेशन करायला सांगितलं आहे." मी सातला घरी पोचले तेव्हा आई देवापुढे बसून रडत होती. तिला समजावता समजावता रात्रीचे अकरा वाजले. कंपनीला फोन केला तर उत्तर मिळालं, पुढच्या अपडेटमध्ये सुधारेल.

नोव्हेंबरच्या शेवटी त्यांचाच फोन आला. दोन वर्षांची सेवा एकदम घेतली तर ५,९९९. नाही घेतली तर आजवर साठलेलं सगळं पुसलं जाईल. एव्हाना आई दिवसातून वीस वेळा त्या डबीशी बोलत होती. मी पैसे भरले. बरोबर अठराव्या दिवशी अॅपवर 'सर्व्हरशी संपर्क होत नाही' असं आलं आणि ते कायमचं. फोन बंद. व्हॉट्सअॅपवर एकच टिक.

मला तेव्हा लख्ख कळलं. सगळं आमच्या फोनमध्येच होतं, तर त्यांचा सर्व्हर, म्हणजे त्यांच्याकडचा दूरचा संगणक, बंद पडल्यावर डबी मुकी का झाली?

ठाणे स्टेशनजवळच्या एका मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे डबी घेऊन गेले. त्याने नखाएवढ्या पात्याने झाकण उघडून मला आत दाखवलं: एक माइक, इवलासा स्पीकर, ब्लूटूथची चिप आणि लायटरएवढी बॅटरी. "ताई, यात डोकं नाहीच. हे फक्त आवाज फोनला देतं, फोन तो बाहेर पाठवतो, उत्तर बाहेरून येतं." आवाजाचं अक्षरांत रूपांतर, त्याचा अर्थ लावणं, उत्तर तयार करणं, सगळं कुठल्या तरी दूरच्या संगणकावर. अशा बॅटरीला आणि चार्जरला आपल्याकडे बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी सक्तीची आहे, त्यावर आर पासून सुरू होणारा क्रमांक छापलेला असतो आणि तो बीआयएस केअर अॅपवर तपासता येतो. आमच्या डबीच्या बॅटरीवर नाही, चार्जरवर नाही, कुठेच नाही. खोक्यावर उत्पादकाचा किंवा आयात करणाऱ्याचा पत्ताही नव्हता. ही वस्तू मी चार महिने आईच्या छातीवर टांगून ठेवली होती.

म्हणून कळकळीने सांगते, असं कुठलंही यंत्र घेण्याआधी फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद करा, ब्लूटूथ मात्र चालू ठेवा आणि मग यंत्राला प्रश्न विचारा. उत्तर आलं नाही तर तुमचं बोलणं बाहेर जातंय, विकणारा काहीही सांगो.

बिलावरचा पत्ता महापे एमआयडीसीचा होता. एका शनिवारी ट्रान्सहार्बर लोकलने घणसोलीला उतरून रिक्षाने गेले. गाळ्याला कुलूप होतं. वॉचमन म्हणाला, ते दिवाळीतच सामान घेऊन गेले. म्हणजे माझे ५,९९९ घेतले तेव्हा जागा रिकामी होऊन महिना उलटला होता. बिलावरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकून पाहिला, नोंदणी रद्द झालेली. प्रदर्शनातच क्रमांक मागून तपासला असता तर कदाचित तेव्हाच दोन मिनिटांत कळलं असतं.

माझ्या भाच्याने मग अमेरिकेतल्या ह्युमेन कंपनीची गोष्ट सांगितली. अॅपलमधून बाहेर पडलेल्या पती-पत्नींनी काढलेली ती कंपनी. कपड्याला लावायची त्यांची एआय पिन ६९९ डॉलरची, वर महिन्याला २४ डॉलर. एप्रिल २०२४ पासून ती लोकांच्या हाती पडू लागली. फेब्रुवारी २०२५ मध्ये संगणक बनवणाऱ्या एचपीने कंपनीचा बराचसा भाग ११.६ कोटी डॉलरला घेतला आणि २८ फेब्रुवारीला सगळ्या पिनांचा सर्व्हरशी संबंध तुटला. पैसे परत मिळाले ते शेवटच्या नव्वद दिवसांत पिन मिळालेल्यांनाच. सर्व्हर नसताना काय चालेल, याचं उदाहरण म्हणून कंपनीने दिलं ते बॅटरी किती उरली हे दाखवणं. पण त्यांनी ते जाहीर केलं, आपला डेटा उतरवून घ्यायला दिवस दिले, बाकीचा पुसणार असं सांगितलं. एवढ्या मोठ्या भांडवलाची कंपनी असूनही यंत्र एका दिवसात निकामी होतं, तर पत्ता नसलेल्या कंपनीचं काय घेऊन बसलात!

एकवीस हजार गेले, त्याचं दुःख आहेच. पण मला रात्री झोप लागत नाही ती वेगळ्या कारणाने. चार महिने आमच्या घरातला प्रत्येक शब्द त्या डबीने बाहेर पाठवला. आईची एफडी कुठल्या बँकेत, मी किती वाजता निघते, जादा किल्ली शेजारच्या काकूंकडे असते, आईला आलेले ओटीपी, जे ती मोठ्याने वाचते. बाबा गेले त्या दिवसाबद्दल आम्ही दोघी एकदा रात्री उशिरापर्यंत बोललो होतो, तेही. ते आज कुणाकडे आहे आणि तो त्याचं काय करतोय, मला सांगणारं कुणी नाही. मी कुलूप बदललं, आईच्या कार्डाचा पिन बदलला, बँकेत जाऊन तिच्या खात्यावरची ऑनलाइन मर्यादा कमी केली.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार केली, पण उशीर झाला होता. पैसे गेल्याबरोबर फोन केला तर पुढच्या खात्यात ते थांबवता येण्याची शक्यता असते, मी मात्र दोन आठवडे त्यांच्या फोनची वाट पाहिली. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद केली, कंपनीकडून उत्तर नाही. आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिला आहे. २०१९ च्या कायद्यामुळे तो आपण राहतो त्या जिल्ह्यातही देता येतो, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. वाशीच्या प्रदर्शनात तुम्हीही अशी पांढरी डबी घेतली असेल तर क्यूआरवर आलेल्या नावाचा स्क्रीनशॉट, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, खोकं आणि व्हॉट्सअॅपवरचं बोलणं जपून ठेवा, काहीही पुसू नका.

आमची डबी मी पुरावा म्हणून कपाटाच्या वरच्या खणात, आईचा हात पोचणार नाही अशी ठेवली आहे. आधी ती देव्हाऱ्याशेजारी असायची. बंद पडल्यावरही आई ती उचलून विचारायची, "अगं, मी गोळी घेतली का?" आणि उत्तर येईपर्यंत तशीच उभी राहायची.