पद्मदुर्गची बोट + गाईड: पडकोटासाठी तरी जाच!

मुरूडला आलेली पब्लिक राजपुरीच्या धक्क्यावर रांग लावून जंजिरा बघते आणि समुद्रातल्या पद्मदुर्ग किल्ल्याचा किनाऱ्यावरूनच झूम करून फोटो काढते, विषय संपला. आम्ही मुद्दाम पद्मदुर्गसाठीच बोट ठरवली आणि सोबत तिथलाच एक गाईडदादा घेतला, त्याचा हा रिव्ह्यू.

आधी गाईडबद्दल, कारण पैसे तिथे वसूल झाले. आमच्यातला एकजण उतरल्या उतरल्या म्हणाला की भिंत पडलीय म्हणून पडकोट म्हणत असतील, तर दादा हसला आणि म्हणाला, अहो धडधाकट होता तेव्हापण पडकोटच होता तो! मुख्य तटाच्या बाहेर जो आणखी एक कोट घालतात तो पडकोट. म्हणजे पहिला मार त्याने खायचा, आणि शत्रू तो फोडून आत आला तरी मागचा मुख्य तट शाबूत, त्यावरून तोफा बंदुका चालूच. विजयदुर्गला तिहेरी तटबंदी आहे ती याच डोक्याने. इथे पडकोट आता बराच ढासळलाय पण कमळाच्या पाकळ्यांचा बुरूज त्यातच आहे आणि तो अजून दणदणीत उभा आहे, त्यामुळे बाहेरचं पडकं सोडून थेट मुख्य किल्ल्यात घुसणाऱ्यांनी जरा दमानं घ्या.

आणि भिंतीजवळ जाऊन बघा, लांबून नाही कळत. लाटा आणि खाऱ्या वाऱ्याने दगड झिजून आत गेलेत, पण दोन दगडांमधला चुना जसाच्या तसा बाहेर राहिलाय, मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते अक्षरशः. दगड गेला चुना राहिला, आणि आपल्या सोसायटीचं प्लास्टर दोन पावसाळे टिकत नाही, असो.

दादाने शिवाजी महाराजांच्या एका पत्राचंपण सांगितलं. पद्मदुर्गला रसद वेळेत पोचवली नाही म्हणून प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला महाराजांनी चांगलंच झापलंय त्यात, आणि ‘पद्मदुर्ग वसवून राजपुरीच्या उरावरी दुसरी राजपुरी केली आहे’ हे वाक्य त्यातलंच. तटावर उभं राहून समोर सिद्दीचा जंजिरा बघत हे ऐकलं की उरावरी म्हणजे काय ते बरोबर समजतं.

आता बोट. माणशी नाही, पूर्ण बोटीचे पैसे घेतात, त्यामुळे दोघंतिघं असाल तर खिशाला चाट, ग्रुप असेल तर परवडतं. वेळ भरती-ओहोटीवर, आम्हाला सकाळी लवकरची सांगून बरंच ताटकळत ठेवलं, फोन केला की ‘निघालोच’, हे काय बरोबर नाही, पाण्याचा टाईम आदल्या दिवशी माहीत असतो ना! उतरताना गुडघाभर पाणी आणि शेवाळलेले खडक, आमच्या काकूंना दोघांनी धरून उतरवलं. लाईफ जॅकेट होती पण मागितल्यावर मिळाली.

गाईडला ५ पैकी ५, बोटवाल्याला ओढूनताणून ३. पाणी, टोपी बरोबर घ्या, आत काही विकत मिळत नाही, आणि बुटांऐवजी पट्ट्याच्या सँडल घाला. पावसाळ्यात विचारूच नका, बोटी बंद असतात.