न बदललेल्या काचेचं बिल

गाडीत पाणी येत होतं म्हणून कुणी पुढची काच बदलून घेतली असेल, तर त्यांनी आधी काचेवरचा फास्टॅग बघावा. टॅग जुनाच असेल आणि टोलनाक्यावर मुकाट चालत असेल, तर काच बदललेलीच नाही. हा टॅग एकदा सोलला की आतली अँटेना फाटते. तो एका काचेवरून काढून दुसऱ्या काचेवर लावता येऊ नये म्हणूनच तसा बनवलेला असतो. नवी काच म्हणजे नवा टॅग. एवढी माहिती मला ९,८०० रुपयांना पडली.

गोष्ट पुण्यातली, गेल्या पावसाळ्यातली. आमच्या सोसायटीचं पार्किंग उघडं आहे आणि माझ्या जागेवर गुलमोहर आहे. उन्हाळ्यात सावली मिळते म्हणून ही जागा मी भांडून घेतली होती. पाऊस सुरू झाला तसं गाडीच्या डाव्या सीटपुढचं मॅट ओलं लागायला लागलं. आधी वाटलं, छत्रीचं पाणी असेल. मग काचांवर आतून वाफ धरू लागली, कुबट वास येऊ लागला. एकदा चौकात उजवीकडे वळताना डॅशबोर्डच्या खालून आईच्या पावलांवर गार पाणी आलं. आई म्हणाली, “अरे, तुझी गाडी चुळा भरतेय.”

वळताना पाणी येतं, हा खरं तर सगळ्यात मोठा सुगावा होता. गॅरेजमध्ये गेल्या गेल्या मी तो सांगितलाही. गॅरेज मोठं, पाट्याबिट्यांचं, सगळ्या कंपन्यांच्या गाड्या घेणारं. मालकांनी माझं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. “सर, काचेचं पेस्टिंग गेलंय. या मॉडेलला कॉमन आहे.” पेस्टिंग म्हणजे काच चिकटवणारा सीलंट. मला पटेना, तेव्हा त्यांनी पोऱ्याला प्रेशरचा पाइप आणायला लावला, काचेवर जोरात पाणी मारलं, आणि मला आत बसवून पायाशी बघायला सांगितलं. पाणी आलं. “बघा, काच गळतेय.”

पटण्यासारखंच होतं ते. त्यातली मखलाशी नंतर कळली. पुढच्या काचेवर कुठंही पाणी मारा, ते घसरून वायपरखालच्या काळ्या जाळीतच जातं. म्हणजे या प्रयोगात काच आणि जाळी दोन्ही एकदमच तपासल्या गेल्या, आणि दोष मात्र काचेवर गेला, कारण पैसे काचेत आहेत. शिवाय धुलाईच्या पंपाचा जोर इतका असतो की धडधाकट रबरातूनही पाणी आत घुसू शकतं. गळती शोधायची तर साधा बागेचा नळ लागतो, मंद धारेचा. पाणी खालून वर, एकेका जागी थांबत मारायचं आणि आत कुणीतरी टॉर्च घेऊन बसायचं. हे काम वेळखाऊ आहे, म्हणून कोणी करत नाही.

काच बदलायची ठरली तेव्हा मालक हळूच म्हणाले, “इन्शुरन्समध्ये बसवून टाकू. काच तडकलेली दाखवावी लागेल, ते आमच्यावर सोडा.” मी नाही म्हटलं. काचेला घसारा लागत नाही, म्हणजे जुनी झाली म्हणून विमा कंपनी पैसे कापत नाही, त्यामुळे असा क्लेम फुकटासारखा वाटतो. पण तो खोटा क्लेम आहे आणि त्यावर सही आपली असते, गॅरेजची नाही. वर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाऊ शकतो ते वेगळंच. मी रोख पैसे द्यायला तयार झालो.

संध्याकाळी गाडी मिळाली. काचेच्या कडेनं निळ्या चिकटपट्ट्या लावलेल्या, “दोन दिवस काढू नका, धुऊ नका” अशी ताकीद, आणि आत एक आंबटसर वास. बिल म्हणून मिळाला तो एस्टिमेटचा कागद. त्यावर ‘फ्रंट ग्लास नवीन – ८,०००, फिटिंग मजुरी – १,८००’. जीएसटी क्रमांक नाही, काचेच्या कंपनीचं नाव नाही. पैसे ज्या क्यूआर कोडवर गेले त्यावर गॅरेजचं नव्हे, कुणा व्यक्तीचं नाव होतं. पक्कं बिल मागितलं तर म्हणाले, त्याला १८ टक्के वर लागतील.

मग पावसानं उघडीप दिली आणि मॅट कोरडं राहिलं. पाऊस परतला तसं पाणीही परतलं. गॅरेजचं निदान तेवढ्यात बदललं होतं. आता बॉडीचा जोड फुटला होता, डॅशबोर्ड पूर्ण खोलावा लागणार होता, २२,००० रुपये. मी विचार करून सांगतो म्हटलं आणि बायकोला घेऊन साताऱ्याला सासुरवाडीला निघालो. मेहुणा पुण्यातच होता, तोही बरोबर आला. त्याला मी वाटेत काचेचं सगळं रामायण ऐकवत होतो. खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर दांडी वर झाली, मोबाइलवर मेसेज वाजला, आणि तो म्हणाला, “दाजी, टॅग कधी बदलला?”

“नाही बदलला.”

“मग काच कशी बदलली?”

पुढं पहिल्या हॉटेलाशी गाडी उभी करून आम्ही काच नीट बघितली. डाव्या वरच्या कोपऱ्यात आतून नंबरप्लेटच्या जोडीचं स्टिकर असतं, ज्यावर गाडीचा, इंजिनाचा आणि चॅसीचा नंबर असतो. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना ते शोरूममधूनच येतं. तेही काढलं की फाटतं. माझं जसंच्या तसं होतं. काचेच्या कोपऱ्यात बनवणाऱ्या कंपनीची छापील खूण असते, तीत वर्षाचा आकडा असतो. पुढच्या काचेवरचा आणि दारांच्या काचांवरचा आकडा एकच होता. निळ्या पट्ट्यांच्या जागी काय होतं? काचेच्या कडेवरून बोटानं ओढलेलं काळं सिलिकॉन. आंबट वास त्याचा. स्वयंपाकघरातल्या बेसिनला लावतात त्यातलं. या जातीचं सिलिकॉन वाळताना ॲसिटिक ॲसिड सोडतं, त्यानं पत्रा गंजू शकतो. आणि पुढं कधी खरोखर काच बदलायची वेळ आली, तर त्या सिलिकॉनवर काचेचा खरा सीलंट धरत नाही, आधी ते सगळं खरवडावं लागतं. म्हणजे पैसे घेतलेच, आणि गाडी होती त्याहून वाईट करून दिली.

साताऱ्यात मेहुण्याच्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत, सगळे त्यांना मामाच म्हणतात. त्यांना मी वळणाचं सांगितलं आणि ते हसलेच. बॉनेट उघडलं, तांब्याभर पाणी घेतलं आणि काचेला एक थेंबही न लावता वायपरखालच्या जाळीत डाव्या बाजूला ओतलं. मी आत बसलो होतो. पायाशी पाणी.

जाळी काढल्यावर खाली गुलमोहराचा काळा लगदा निघाला. ती बारीक पानं जाळीच्या भोकांतून आरामात जातात, खाली पन्हळीत साठतात आणि दोन्ही टोकांची पाणी जाण्याची भोकं बुजवतात. मग पन्हळ तुंबते. डावीकडेच एसीला बाहेरची हवा घेणारं तोंड असतं, पाणी तेवढं चढलं की तिथून पंख्याच्या घरात आणि तिथून पायाशी. उजवीकडे वळलं की पन्हळीतलं सगळं पाणी डावीकडे धावतं, म्हणून नेमकी वळणावर धार. मामांनी हातानं लगदा काढला, भोकांत मऊ वायर फिरवली, पुन्हा तांब्या ओतला. पाणी चाकामागून भसकन रस्त्यावर. एसीचा फिल्टर कुजला होता, तो बदलला. मजुरी २०० रुपये, तीही मेहुण्यानं बळेच दिली.

डाव्या पायाशी पाणी येण्याचं दुसरं नेहमीचं कारण एसीचंच असतं, तेही मामांनी सांगितलं. पाऊस नसतानाही एसी लावला की ओल येत असेल, आणि गाडी उभी करून एसी चालू ठेवला तरी खाली जमिनीवर थेंब पडत नसतील, तर एसीची पाण्याची नळी तुंबलेली आहे. पाणी रंगीत, चिकट, गोडसर वासाचं असेल तर तो हीटरमधला कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, तिथं मात्र खरंच डॅशबोर्ड खोलावा लागू शकतो. दारातून येत असेल तर दाराच्या पॅडमागचा प्लास्टिकचा कागद फाटलेला असतो. आणि काचेचाच संशय असेल तर काचेच्या कडेनं आतून कोरडं वर्तमानपत्र दाबून मंद पाणी सोडायचं. जिथं कागद भिजतो तिथं भोक. जो कोणी गळती सांगेल त्याला आधी ‘ओतून दाखव’ म्हणायचं.

कार्पेटखालचा फोम वेगळाच ताप. वरून हात लावला तर कोरडा, खाली पिळला तर बादली. सीट काढून तो सासऱ्यांच्या गच्चीत वाळवला. तसाच ठेवला असता तर तळाचा पत्रा आणि वायरिंगचे जोड गेले असते.

पुण्यात आल्यावर गॅरेजमध्ये गेलो. मालक म्हणाले, “टॅग आमच्या पोरानं अलगद काढून परत लावला.” मी फाटलेलं काही दिसत नाही म्हटल्यावर, “आमचा माणूस एक्सपर्ट आहे.” स्टिकरचं विचारल्यावर त्यांना फोन आला.

मग मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली. एस्टिमेटचा कागद, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, टोलचा मेसेज आणि काचेवरच्या खुणांचे फोटो, सगळं जोडलं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे मागूनही बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथाच आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि दाद मागायला दोन वर्षं मिळतात. हे सगळं एका पत्रात लिहून गॅरेजला स्पीड पोस्टानं पाठवलं.

पत्र पोचल्यावर मालकांचा फोन आला. गैरसमज झाला, कारागीर नवीन होता, आता काढून टाकलाय, एसी सर्व्हिस फुकट करून देतो. एसी नको म्हटल्यावर खात्यात ८,००० रुपये आले. उरलेल्या १,८०० चं विचारलं तर म्हणाले, “सर, ती काच काढून बसवायची मजुरी आहे, ती कशी सोडणार?” तक्रार मी अजून मागे घेतलेली नाही.