डबल १८ घेऊ की दोन सिंगल १८? डेमो ऐकून आलो, सांगतो

दादा तू सबबद्दल (सबवूफर, म्हणजे फक्त खालचा बेस वाजवणारा स्पीकर) विचारलंस म्हणून मुद्दाम मोकळ्या मैदानातला डेमो ऐकला, हॉलमध्ये भिंतींमुळे बेस फुगतो आणि खरं काही कळतच नाही. एका बाजूला डबल १८ (एकाच पेटीत १८ इंची दोन स्पीकर), तो पॅसिव्ह म्हणजे वेगळ्या अ‍ॅम्पवर चालणारा, दुसरीकडे दोन सिंगल १८ चिकटवून ठेवलेले, ते अ‍ॅक्टिव्ह म्हणजे अ‍ॅम्प आतच असलेले. आवाजाचं म्हणशील तर ठोका दोन्हींचा छातीत बसला, फार फरक नाही, कारण सारखे दोन सब शेजारी ठेवले की जवळपास ६ डीबी (डेसिबल, आवाजाचं माप) वाढतात. पण तेच दोन स्टेजच्या दोन टोकांना नेले की मधोमध दणका आणि थोडं बाजूला सरकलं की बेस गायब, हे मी चालून बघितलं. वॅटचे आकडे सोड, नुसती पॉवर दुप्पट केली तर ३ डीबीच मिळतात.

खर्च धरताना डबलच्या किमतीत अ‍ॅम्प, प्रोसेसर (सबला फक्त बेस वाटून देणारं यंत्र), केबल सगळं मोज. उचलायला त्याला चार माणसं, सिंगल दोघं टेम्पोत टाकतात. बिघाडात मात्र पॅसिव्ह बरा, अ‍ॅम्प बदलला की काम सुरू.

हळदी, वाढदिवस, भजन अशी कामं असतील तर दोन सिंगलच घे. मोठी मैदानं, ऑर्केस्ट्रा आणि हाताशी पोरं असतील तर डबल.