पत्रा कापताना चामडी हातमोजे की विणलेले कट-रेझिस्टंट?

उन्हाळ्याआधी नागपुरात कूलरचा पत्रा कापायची लगबग सुरू होते. चामडी मोजे ठिणगी झेलतात, पण ताज्या कापलेल्या पत्र्याच्या धारेने साधं चामडं चिरतं. शिवाय ते जाड, त्यामुळे कात्रीवरची पकड ढिली पडते. एचपीपीई (सहज न कापला जाणारा, चिवट पॉलिथिनचा) धाग्याचे विणलेले मोजे इथे सरस. घेताना ईएन ३८८ (हातमोज्यांचं युरोपीय मानक) चिन्हाखालच्या पाचव्या जागेचं अक्षर बघा, ते कापण्याला विरोध किती ते सांगतं: ए सर्वांत कमी, एफ सर्वांत जास्त. पत्र्याला किमान सी, म्हणजे पात्याचा १० न्यूटन जोर झेलणारा. तळव्यावर नायट्राइलचा (कृत्रिम रबराचा) थर असला तर तेलकट पत्रा निसटत नाही. मात्र हा धागा १५० अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळतो, वेल्डिंगला चामडंच. टोकदार तारेपुढे विणलेले मोजे कुचकामी. फिरत्या ड्रिलवर मात्र दोन्ही काढा. मोजा गुंडाळला की बोटही ओढलं जातं.