रोमन सम्राटांचा पट आणि तक्ता : ८५० रुपयांत काय मिळतं, काय दुरुस्त करावं लागतं

स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांच्या दुकानांत सध्या हा संच दिसतो. खोक्यात भिंतीवरचा तक्ता, पुठ्ठ्याचा घडीचा पट, ७२ पत्ते, लाकडी सोंगट्या, दोन फासे आणि ३२ पानांची नियमपुस्तिका. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावच्या अभ्यासिकेत तो वापरात आहे; दुपारी एमपीएससीवाले, संध्याकाळी शाळेतले पोट्टे. आधीच सांगून ठेवतो, पैसे वसूल होतात ते पटाचे. तक्ता फुकट मिळाला असं समजा.

तक्त्याची पहिली ओळच चुकली आहे. तिथे ज्युलियस सीझरला पहिला सम्राट केलंय. सीझर तहहयात डिक्टेटर होता, इ.स.पू. ४४ मध्ये त्याचा खून झाला. सम्राटांची यादी सुरू होते ती इ.स.पू. २७ पासून, ऑगस्टसपासून. शेवटी ४७६ समोर ‘रोमन साम्राज्याचा अंत’ असं छापलंय. त्या वर्षी ओडोएकरने रोम्युलस ऑगस्टुलसला पदच्युत केलं आणि पश्चिमेकडचं सम्राटपद संपलं. पूर्वेकडचं कॉन्स्टँटिनोपलला १४५३ पर्यंत चाललं. वस्तुनिष्ठ प्रश्नात नेमका इथेच मार्क जातो, म्हणून दोन्ही ठिकाणी पांढरी पट्टी चिकटवून हाताने दुरुस्ती करावी. लॅमिनेशनही पातळ आहे. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की कडा वर वळतात. वर-खाली लाकडी पट्टी ठोकून टांगला तर टिकतो.

नेर्वा ते मार्कस ऑरेलियस या पाच जणांभोवती तक्त्यात सोनेरी चौकट आहे आणि खाली ‘योग्य माणूस दत्तक घेण्याची पद्धत’ अशी टीप. ही टीप अर्धवट आहे. नेर्वा, ट्रेजन, हेड्रियन, अँटोनायनस पायस या चौघांनाही हयात मुलगा नव्हता, म्हणून दत्तक घेतले. मार्कसला मुलगा होता, तर १८० मध्ये गादी त्या मुलाला, कोमोडसला गेली. शिकवताना शेजारी नागपूरकर भोसल्यांचं उदाहरण ठेवलं की मुलांच्या लगेच ध्यानात येतं. तिसरे रघूजी १८५३ मध्ये पुत्राविना वारले, कंपनीने दत्तक मानला नाही आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झालं. दत्तकाला मान्यता कोण देतो, हा प्रश्न दोन्हीकडे आहे. रोममध्ये त्याचं उत्तर सैन्याच्या हातात होतं.

आता पटाकडे. मुख्य डाव इ.स. ६९ चा आहे, चार सम्राटांचं वर्ष. चार खेळाडू : गाल्बा, ओथो, व्हिटेलियस, व्हेस्पेशियन. एक फेरी म्हणजे एक महिना, बारा फेऱ्या, वेळ अडीच तास. पटावर ऱ्हाइन, डॅन्यूब, सिरिया, ज्युडिया, इजिप्त, स्पेन, ब्रिटन असे प्रांत आणि प्रत्येकावर लिजन्सच्या (रोमन सैन्याच्या मोठ्या पलटणींच्या) सोंगट्या. ऱ्हाइनवर सात आणि ज्युडियात तीन ठेवल्यात, हे आकडे बरोबर आहेत. खेळाचा सगळा जोर यावरच आहे. गादीचा फेरफार नोंदवणारा तलाठी रोमकडे नव्हता. जवळची लिजन कोणाची आणि तिला पैसे कोण देतो, एवढ्यावर ठरायचं. खेळताना हे हाताला कळतं, तक्ता पाठ करून कळत नाही.

गाल्बा घेणारा दुसऱ्या फेरीतच बाद होतो आणि रुसून बसतो, ही नेहमीची तक्रार. कारण नियमात आहे : गाल्बाला सैनिकांना बक्षिसी देता येत नाही. इतिहासात त्याने ती दिली नाही हे खरं. त्याच्या नावाने प्रिटोरियन रक्षकांना (सम्राटाच्या अंगरक्षक दलाला) माणशी ३०,००० सेस्टर्स (रोमन नाणी) कबूल झाले होते. साध्या लिजन सैनिकाचा वर्षाचा पगार तेव्हा ९००, म्हणजे तेहतीस वर्षांची कमाई. गाल्बाने काहीच दिलं नाही, १० जानेवारीला पिसोला दत्तक घेतलं तेव्हाही नाही, आणि १५ तारखेला ओथोने रक्षकांना फोडून दोघांचाही काटा काढला. पण ‘दिली नाही’ आणि ‘देता येत नाही’ यात फरक आहे. आमची दुरुस्ती अशी : गाल्बाला पहिल्या फेरीत निम्मी बक्षिसी देऊ द्या. तिजोरी रिकामी होते, पण ओथोला रक्षकांसाठी फासा टाकावा लागतो. डाव रंगतो.

व्हेस्पेशियनची अडचण उलटी. त्याची घोषणा अलेक्झांड्रियात १ जुलैला झाली, म्हणून पुस्तिका त्याला सहा फेऱ्या नुसतं बसवते. त्याऐवजी पहिल्या फेरीपासून त्याला ज्युडियाचं (ज्यूंच्या बंडाविरुद्धचं) युद्ध चालवू द्या आणि सिरियाचा सुभेदार म्युशियानस याच्याशी बोलणी करू द्या. सातव्या फेरीला इजिप्तचा धान्याचा पत्ता त्याच्या हाती येतो आणि रोम ज्याच्याकडे असेल त्याचं दर फेरीला एक नाणं जातं. हा पत्ता संचातला सर्वांत चांगला. लढाई न करता गळा कसा आवळतात ते त्यात दिसतं.

दुसरी खोट हालचालीची. ऱ्हाइनवरून इटलीत एका फेरीत पोचता येतं, थंडीतसुद्धा. मधे आल्प्स आहे. पहिल्या तीन फेऱ्यांत आल्प्स ओलांडायला दोन फेऱ्या लावा. तरच ओथो आणि व्हिटेलियस यांच्यातली, इटलीतल्या बेड्रियाकमची पहिली लढाई एप्रिलच्या आसपास होते, जशी ती १४ एप्रिलला झाली. ऑक्टोबरातल्या दुसऱ्या बेड्रियाकमसाठी ‘उगवता सूर्य’ नावाचा पत्ता आहे. सिरियात राहून आलेल्या, व्हेस्पेशियनच्या बाजूच्या तिसऱ्या गॅलिका लिजनने पहाटे सूर्याला वंदन केलं, आणि म्युशियानसची कुमक आली अशी हूल रणांगणावर उठली. पुस्तिकेत याचं एका ओळीचंही स्पष्टीकरण नाही. पोट्टे तो जादूचा पत्ता समजतात.

लिजनच्या रचनेचं पान मात्र फाडून टाकावं असं आहे. शतकात (सेंच्युरी, लिजनमधली छोटी तुकडी) १००, अशी साठ शतकं, म्हणून लिजन ६,००० असा सरळ गुणाकार केलाय. शतकात ८० माणसं असत : आठ-आठांचे दहा तंबू. सहा शतकांचा एक कोहॉर्ट, ४८०. दहा कोहॉर्टची लिजन ४,८०० भरते. फ्लेवियन काळापासून (व्हेस्पेशियनच्या घराण्याच्या काळापासून) पहिला कोहॉर्ट पाच दुप्पट शतकांचा, म्हणजे ८००. मग बेरीज ५,१२०, वर १२० घोडेस्वार. शिकवण्यासाठी दिलेल्या ६० छोट्या सोंगट्यांतली एक बाजूला काढा आणि पहिल्या कोहॉर्टच्या पाचांवर लाल ठिपका द्या.

१९३ चा छोटा डावही आहे, तो पाऊण तासात उरकतो. प्रिटोरियन छावणीत सम्राटपदाची बोली लागते. सल्पिसियानस माणशी २०,००० वर थांबला, डिडियस ज्युलियानस २५,००० वर गेला आणि ६६ दिवस टिकला. डॅन्यूबवरून सैन्य घेऊन आलेल्या, पुढे सम्राट झालेल्या सेव्हेरसने त्या रक्षकांना निःशस्त्र बोलावून घेरलं आणि बरखास्त केलं, तो पत्ता मात्र संचात नाही. कोऱ्या पुठ्ठ्यावर करून घ्या, नाहीतर बोली जिंकणाराच दरवेळी डाव जिंकतो.

पत्ते पावसाळ्यात फुगतात. प्लॅस्टिकची पाकिटं घालावी लागतात, तो खर्च वेगळा. कुरियर गावापर्यंत येत नाही, तालुक्याहून आणावं लागतं. सोंगटी हरवली तर सुटी मिळत नाही, विक्रेता पूर्ण संचच घ्या म्हणतो. सुताराकडून सागाच्या तुकड्यांतून दहा-बारा जादा कापून ठेवल्या की काम भागतं. तिघेच असाल तर गाल्बा काढून जानेवारीऐवजी फेब्रुवारीपासून खेळा.