नेतृत्व फेलोशिप: नऊ महिने आत, पाच महिने बाहेर

फेलोशिप संपली त्या दिवशी आमच्याकडून अभिप्रायाचा फॉर्म भरून घेतला. मी सगळीकडे पाचपैकी पाच देऊन टाकले. आदल्या रात्री एकमेकींच्या गळ्यात पडून रडून झालेलं, सकाळी कोण तीन देणार? म्हणून मुद्दाम पाच महिने थांबले. आज माझा आकडा साडेतीन आहे. त्यातला निम्म्याहून जास्त भाग एकाच गृहपाठामुळे मिळालाय, त्याबद्दल खाली सविस्तर लिहिते.

मी घरकामगार बायकांच्या एका गटाचं काम बघते. गटात चाळीसेक जणी आहेत. मी स्वतः बारा वर्षं लोकांच्या घरी काम केलंय. आमची मागणी जुनी आणि साधी, आठवड्यातून एक दिवस सुट्टी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने जून २०११ मध्ये घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार मंजूर केला, त्यात आठवड्याला सलग २४ तास विश्रांती असं स्पष्ट लिहिलंय. त्या कागदाची झेरॉक्स माझ्या पिशवीत इतकी वर्षं आहे की घडीवरची अक्षरं उडाली. सुट्टी मात्र कागदावरच राहिली.

अशात कोणीतरी या फेलोशिपची माहिती पाठवली. एरवी ज्यांना कोणी बोलावत नाही अशा वेगवेगळ्या समाजगटांतून कार्यकर्ते निवडायचे आणि त्यांना नेतृत्वासाठी तयार करायचं, असा तिचा हेतू. आमची बॅच अठरा जणांची. महिन्यातून दोन दिवस कार्यशाळा, मध्ये तीन निवासी शिबिरं, प्रत्येकाला एक मेंटॉर, शिवाय स्वतःच्या वस्तीत करायचा एक प्रकल्प आणि थोडं मानधन.

निवडीचं मात्र कौतुकच करायला हवं. अर्ज लिहून द्या किंवा बोलून रेकॉर्ड करून पाठवा, दोन्ही चालत होतं. डिग्रीचा रकानाच नव्हता. मी कांदा चिरत चिरत अर्ज रेकॉर्ड केला, मागे कुकरची शिट्टीही आलीये. मुलाखत घेणाऱ्यांत दोघं जुन्या बॅचचे होते, त्यामुळे ‘तुमचं व्हिजन काय’ असले प्रश्न आले नाहीत. मुलं सांभाळायला कोणी नसेल तर त्याचा खर्च वेगळा मिळणार, हे पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं. ती ओळ नसती तर बॅचमधल्या निदान पाच बायका आल्याच नसत्या, मी धरून. इतर ठिकाणी आधी माणसं निवडतात आणि मग ती का गळाली म्हणून चर्चासत्र घेतात.

पण निवडीत दाखवलेली समज पुढे रोजच्या कारभारात टिकली नाही. आमच्यात एक बहिरा मुलगा होता, बॅचमधला सगळ्यात हुशार. सत्रांना सांकेतिक भाषेची दुभाषी असायची. पाच वाजले की ती घरी जायची. आता अशा कार्यक्रमात खऱ्या ओळखी होतात त्या पाचनंतर, जेवताना आणि रात्री गप्पा मारताना. तेव्हा तो एकटा मोबाईल घेऊन बसलेला दिसायचा. एकदा त्याने मोबाईलवर टाइप करून मला दाखवलं, ‘दिवसा फेलो, रात्री पाहुणा.’ आम्ही दुसऱ्या महिन्यात ही गोष्ट आयोजकांच्या कानावर घातली. संध्याकाळसाठी दुभाषी मिळाली पाचव्या महिन्यात, तोवर गट पडून गेले होते.

दुसरी तक्रार एका खेळाची. सगळ्यांनी एका रेषेत उभं राहायचं. ‘घरात पुस्तकं होती त्यांनी एक पाऊल पुढे’, ‘पैशाअभावी उपचार टाळावे लागले त्यांनी एक पाऊल मागे’, असं वीस-पंचवीस वाक्यं. शेवटी कोण कुठे उभं आहे ते बघायचं. हा खेळ जगभर अशा शिबिरांमध्ये खेळतात. मी शेवटून दुसरी होते. पुढे उभ्या असलेल्या दोघांचे डोळे पाणावले, ‘आम्हाला कल्पनाच नव्हती’ म्हणाले, आणि पुढचा अर्धा तास त्यांच्या भावनांवर गेला. मागे उभं राहून आम्ही काय शिकलो हे कोणी विचारलं नाही. आम्हाला ते आधीपासून माहीत होतं. मिश्र बॅचमध्ये हा धोका कायमच असतो: काहीजण शिकायला आलेले असतात आणि काहीजण नकळत धडा होऊन बसतात.

‘स्वतःची गोष्ट’ हे सत्रही थोडं याच वाटेने गेलं. त्यामागची पद्धत अमेरिकेतले संघटक मार्शल गँझ यांची. १९६४ मध्ये शिक्षण अर्धवट सोडून ते मिसिसिपीतल्या नागरी हक्कांच्या कामात गेले, पुढे सोळा वर्षं शेतमजुरांच्या संघटनेत राहिले आणि नंतर हार्वर्डमध्ये शिकवू लागले. आधी माझी गोष्ट, मग आपली, मग आत्ता काय करायचं ते, असे तीन टप्पे. मांडणी पक्की आहे. आमच्याकडे गाडी पहिल्याच टप्प्यावर अडकली. ज्याचं दुःख मोठं त्याला टाळ्या मोठ्या. चौथ्या-पाचव्या वक्त्यापासून तर लोक दुःख जरा घोटूनच सांगायला लागले, मीही. ‘आत्ता काय’ या भागाला शेवटच्या दिवशी वीस मिनिटं मिळाली.

आता तो गृहपाठ.

तिसऱ्या महिन्यात काम मिळालं: आपल्याच गटातल्या दहा जणांना एकेकटं भेटायचं, प्रत्येकाला अर्धा तास, आणि निम्म्याहून जास्त वेळ आपण गप्प बसायचं. काही मागायचं नाही, फॉर्म भरायचा नाही, मीटिंगला या म्हणायचं नाही. संघटना बांधणारे लोक ही वन-टू-वन भेट फार जुन्या काळापासून वापरतात. मला वाटलं, यात काय नवीन, मी तर सगळ्यांना ओळखते. दहा वर्षांची ओळख.

सातवी भेट आमच्या एका मावशींची होती. मीटिंगमध्ये त्या कायम दाराशी बसतात, तोंडातून शब्द नाही, संपायच्या आधी उठून जातात. मी मनात त्यांना ‘येऊन जाऊन असलेल्या’ असं धरलं होतं. घरी गेले, त्यांनी पाणी दिलं, आणि मी ठरल्याप्रमाणे गप्प बसले. गप्प बसणं मला किती जड जातं ते त्या दिवशी कळलं. बराच वेळ गेल्यावर त्या उठल्या आणि गादीखालून शंभर पानी वही काढली. तीन वर्षांच्या नोंदी होत्या. त्यांच्या एकट्याच्या नव्हे, गल्लीतल्या नऊ जणींच्या. कोण किती वाजता कामावर गेली, किती वाजता सुटली, कुठल्या दिवशी सुट्टी मागितली, काय उत्तर मिळालं, खाडा झाला तर किती पैसे कापले. रेघा पट्टीने मारलेल्या. मी विचारलं, कधी सांगितलं का नाहीत? म्हणाल्या, “तू विचारलंस कधी? तू आली की बोलतच असतेस.”

दहा वर्षं मी मीटिंगमध्ये १८९ क्रमांकाचा करार वाचून दाखवत होते आणि पुरावा दाराशी बसलेला होता.

मेंटॉरने हे ऐकलं आणि मला बर्निस रॉबिन्सन यांच्याबद्दल सांगितलं. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यात तेव्हा कृष्णवर्णीयांना मतदार म्हणून नाव नोंदवायचं तर राज्यघटनेतला उतारा वाचून दाखवावा लागायचा. त्यासाठी १९५७ मध्ये जॉन्स आयलंडवर प्रौढांची शाळा सुरू झाली, एका सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत. टेनेसीतली हायलँडर फोक स्कूल ही संस्था त्यामागे होती. शिकवायला निवडलं रॉबिन्सनना. त्या शिक्षिका नव्हत्या, त्यांचं ब्यूटी पार्लर होतं. या निवडीमागचा हिशेब मला फार आवडला. शाळेतल्या मास्तरणीने असलं काही केलं तर सरकार नोकरी काढून घेणार. पार्लरवालीची गिऱ्हाइकं तिच्याच समाजातली, तिची रोजीरोटी गोऱ्या माणसाच्या हातात नाही. शिवाय पार्लरमध्ये सगळ्या गावाच्या गोष्टी कानावर येतात.

तोवर मी पुढे कोणाला करायचं हे बोलण्यावरून ठरवायची. खणखणीत बोलते ना, मग कर तिला पुढे. आमच्यात खणखणीत बोलणाऱ्या दोघी एकेकाच घरी पूर्णवेळ राहून काम करतात. ते घर गेलं तर सगळंच गेलं, राहायची जागासुद्धा. म्हणून त्या मीटिंगमध्ये गरजायच्या आणि मालकिणीसमोर मुक्या व्हायच्या, आणि मी त्यांना भित्र्या म्हणायची. याउलट दाराशी बसणाऱ्या मावशी सहा घरं करतात. एक गेलं तरी पाच उरतात. पहिला शब्द कोणी टाकायचा याचं उत्तर असं गणितात निघालं. माझ्यासाठी नऊ महिन्यांची सगळी किंमत या एका संध्याकाळी वसूल झाली.

उरलेल्या सत्रांपैकी निधी उभारणीचं कामाचं होतं. माध्यमांचं सत्र ठीक. सोशल मीडियाचं जाऊ द्या.

हायलँडरवरून आठवलं. रोझा पार्क्स १९५५ च्या उन्हाळ्यात तिथे दोन आठवड्यांच्या शिबिराला गेल्या होत्या आणि त्याच डिसेंबरमध्ये त्यांनी बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार दिला. आमच्या सत्रात हे ‘प्रशिक्षणाने काय घडू शकतं’ याचं उदाहरण म्हणून आलं. पण त्या १९४३ पासून कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या गावातल्या शाखेच्या चिटणीस होत्या. शिबिराच्या आधीची बारा वर्षं सोडून दोन आठवड्यांना श्रेय देणं मला पटलं नाही. मी हात वर करून तसं म्हणालेही. समारोपाच्या भाषणात उदाहरण तसंच्या तसं परत आलं.

आमचं म्हणणं ऐकायला फेलोंची एक समिती होती, मी तिच्यात होते. तिची गंमत अशी की पहिल्याच शिबिरात आम्हाला शेरी अर्नस्टाइन यांची १९६९ सालची लोकसहभागाची शिडी शिकवली होती. आठ पायऱ्या, खाली नुसती धूळफेक आणि सगळ्यात वर लोकांच्या हातात कारभार. सल्लामसलत चौथ्या पायरीवर, समजूत काढणं पाचव्या. आमची समिती चौथ्या-पाचव्याच्या मध्ये लोंबकळत होती. तीनदा बैठक झाली, दरवेळी इतिवृत्त सुंदर टाइप होऊन आलं. दुभाषीचा विषय सोडला तर काहीच हललं नाही. पुढची बॅच निवडताना आम्हाला मत द्या, असं सुचवलं होतं. ‘विचाराधीन आहे.’

फेलोशिप संपल्यावर मानधन त्याच महिन्यात थांबलं, मेंटॉरही. जुन्या फेलोंचा ग्रुप आहे, त्यावर वाढदिवस साजरे होतात. आणि हे मला कोणीच आधी सांगितलं नव्हतं: तुम्ही बदलून परत येता तेव्हा गट जिथे होता तिथेच असतो. पहिल्या मीटिंगला एकीने विचारलं, “काय मॅडम, आता आमच्यात बसणार का?” हसून विचारलं, पण विचारलं. मी ‘स्टेकहोल्डर’ असा काहीतरी शब्द वापरला होता, चूक माझीच. दोन महिने लागले ते निवळायला. एका गटातून एकाऐवजी दोघींना घेतलं असतं तर हे निम्म्यावर आलं असतं. अर्ज करणार असाल तर मुलाखतीत हे जरूर विचारा, जोडीने येता येईल का. संपल्यानंतर सहा महिने मेंटॉर मिळेल का, हेही विचारा. स्वतःचा गट नसेल, नुसती आवड असेल, तर आत्ता जाऊ नका. त्या दहा भेटी कोणाला द्याल?

गेल्या महिन्यात मी तापाने आठवडाभर पडून होते. मीटिंग पुढे ढकला, असा निरोप पाठवला. त्यांनी ढकलली नाही. वरून ठराव केला की सगळ्यांसाठी रविवार मागायचा नाही, ज्या घरात जो दिवस सोयीचा तो पक्का करून घ्यायचा. मी इतकी वर्षं रविवारवर अडून बसले होते. ऐकून डोकं तडकलं, चार दिवस कोणाशी धड बोलले नाही. आज अकरा जणींचा दिवस पक्का झालाय, त्यातल्या दोघींचाच रविवार आहे.

मावशींच्या वहीचे आता तीन भाग झालेत, लिहिणाऱ्याही तिघी आहेत. परवा म्हटलं, बघू जरा. तर म्हणाल्या, “मीटिंगला ये, तिथे वाचतो.”