व्हीएस कोड, इंटेलिजे, सब्लाइम की निओव्हिम: फाइल शोधण्यासाठी कोणता एडिटर घ्यावा

एडिटर निवडताना लोक थीम बघतात, एक्स्टेन्शन बघतात, हल्ली एआय बघतात. दिवसभर आपण जे सतत करतो, म्हणजे फाइल शोधणे, ते मात्र फारसे कोणी तपासत नाही. दुसऱ्यांनी लिहिलेला काही हजार फाइलींचा रेपो, म्हणजे कोडचा साठा, हाती आला, की सुरुवातीचा काळ कोड लिहिण्यापेक्षा तो कुठे आहे हे हुडकण्यातच जास्त जातो. हा आढावा फक्त त्या एका अंगाने केलेला आहे.

वेगाची चर्चा मी इथे करणार नाही. नेहमीच्या आकाराच्या प्रोजेक्टमध्ये चारही एडिटर पुरेसे वेगवान आहेत. मला महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न वेगळा आहे: सर्च केल्यावर काहीच सापडले नाही, तर त्या शून्यावर विश्वास ठेवता येतो का? एखादे फंक्शन काढून टाकण्याआधी 'हे आणखी कुठे वापरलेय का' असे आपण शोधतो, तेव्हा सगळी भिस्त त्या शून्यावरच असते.

नाव अर्धवट आठवत असेल तर

इथे फारसा फरक नाही. कळ दाबायची, नावातली दोन-चार अक्षरे टाइप करायची, फाइल समोर. मॅकवरच्या टेक्स्टमेटमध्ये ही सोय होती, सब्लाइमने 'गोटू एनिथिंग' नावाने ती पुढे नेली, आणि व्हीएस कोडमध्येही कंट्रोल-पी हीच कळ आहे. इंटेलिजेमध्ये शिफ्ट दोनदा दाबायचे. तिथे फाइल, क्लास, सिम्बॉल आणि मेनूतल्या आज्ञा एकाच खिडकीत वेगवेगळ्या टॅबखाली मिळतात. निओव्हिममध्ये हे काम टेलिस्कोप किंवा एफझेडएफ हे प्लगइन करतात.

मला यांत सब्लाइम सरस वाटतो, कारण यादीत खाली-वर करताना मागे ती फाइल लगेच दिसत राहते. एकाच नावाच्या 'इंडेक्स' फाइली डझनभर फोल्डरांत पडलेल्या असतात, तिथे उघडून बघण्याची गरजच उरत नाही. एफझेडएफची खुबी वेगळी आहे. शब्दाआधी उद्गारचिन्ह दिले की तो शब्द असलेल्या फाइली यादीतून जातात, शेवटी डॉलरचिन्ह दिले की नावाचा शेवट त्यानेच झालेला असावा लागतो. 'ऑर्डर' हवे पण 'टेस्ट' नको, हे तिथे एका ओळीत सांगता येते.

कोण काय लपवतो

खरा फरक इथे आहे, आणि निवड यावरून करावी असे माझे मत आहे.

व्हीएस कोड २०१७ पासून प्रोजेक्टभरच्या शोधासाठी रिपग्रेप हे फाइलींतला मजकूर शोधणारे साधन वापरतो. त्यावर तीन चाळण्या बसवलेल्या आहेत. पहिली 'फाइल्स एक्स्क्लूड': यात जे आहे ते डावीकडच्या फाइलींच्या झाडातूनही गायब होते, गिटचा स्वतःचा फोल्डर दिसत नाही तो यामुळे. दुसरी 'सर्च एक्स्क्लूड': हे झाडात दिसते, पण शोधात येत नाही, बाहेरून आणलेल्या जावास्क्रिप्ट पॅकेजांचा नोड-मॉड्यूल्स फोल्डर मुळातच या यादीत असतो. तिसरी चाळणी म्हणजे तुमच्या रेपोतली गिटइग्नोर फाइल, म्हणजे गिटने कशाची नोंद ठेवायची नाही त्याची यादी. तिच्यात जे जे लिहिले आहे, ते सर्चमधूनही वगळले जाते आणि कंट्रोल-पीमधूनही.

ही तिसरी चाळणी नव्या माणसाला सर्वांत जास्त चकवते. पासवर्ड आणि की ठेवायची डॉट-एनव्ही फाइल बहुतेक रेपोंत गिटइग्नोरमध्ये असते. ती झाडात डोळ्यांसमोर दिसते, पण कंट्रोल-पीमध्ये नाव टाकले तर येत नाही. मशीनने तयार केलेल्या कोडचेही तसेच. ग्राफक्यूएलचे किंवा डेटाबेसचे टाइप जनरेट करून गिटबाहेर ठेवले असतील, तर त्यातले नाव शोधून काहीच हाती लागत नाही. काहीच सापडले नाही, तर व्हीएस कोड निदान 'वगळण्याची सेटिंग आणि गिटइग्नोर तपासा' असे सांगतो. पण बारा ठिकाणी सापडले आणि तेरावे ठिकाण वगळलेल्या फोल्डरात असेल, तर ती सूचना येत नाही. धोका या दुसऱ्या प्रसंगात जास्त आहे. उपाय एका क्लिकचा आहे: सर्चच्या पट्टीत तीन टिंबे दाबली की 'वगळायच्या फाइली' ही चौकट उघडते आणि तिच्या टोकाला दातेरी चाकाचे बटण असते. ते बंद केले की सगळ्या चाळण्या उठतात. काहीही डिलीट करण्याआधी ते बंद करून एकदा शोधण्याची सवय लावून घ्या.

इंटेलिजे आणि त्याची भावंडे, म्हणजे पायचार्म आणि वेबस्टॉर्म, उलट्या बाजूने विचार करतात. फाइल गिटइग्नोरमध्ये आहे एवढ्यावरून ती शोधातून जात नाही. एखादा फोल्डर नकोच असेल, तर त्यावर राइट-क्लिक करून 'एक्स्क्लूडेड' अशी खूण करायची. याची किंमतही आहे: तसा फोल्डर इंडेक्समधून, म्हणजे एडिटरने आधीच बनवलेल्या कोडच्या सूचीतून, बाहेर जातो, त्यामुळे त्यातल्या कोडचे ऑटोकम्प्लीटही मिळत नाही. अशी खूण न केलेल्या बिल्ड फोल्डरातले मिनिफाय केलेले, म्हणजे जागा वाचवायला दाबून बसवलेले, जावास्क्रिप्ट मात्र शोधात घुसते आणि शेकडो अक्षरांच्या ओळी यादीत येतात. हा त्रास मी पत्करतो. जास्त दिसलेले गाळता येते. न दिसलेले आहे हेच कळत नाही.

शिवाय इंटेलिजेकडे 'फाइंड युसेजेस' आहे. ते अक्षरे न जुळवता कोडचा अर्थ बघते. 'सेव्ह' नावाची मेथड वीस क्लासांत असली, तरी तुम्ही ज्या क्लासातल्या मेथडवर उभे आहात तिचेच वापर दाखवते. जावा किंवा कोटलिनचा मोठा प्रोजेक्ट असेल, तर शून्यावर विश्वास ठेवण्यासाठी याच्या तोडीचे बाकी तिघांकडे तयार मिळत नाही. व्हीएस कोडमध्ये 'फाइंड ऑल रेफरन्सेस' आहे, पण ते त्या भाषेचे एक्स्टेन्शन किती चांगले यावर अवलंबून. टाइपस्क्रिप्टसाठी उत्तम, बाकी भाषांसाठी आधी स्वतः वापरून बघा. बदल्यात इंटेलिजे मेमरी भरपूर घेतो आणि प्रोजेक्ट उघडताना इंडेक्सिंग होईपर्यंत थांबावे लागते.

सब्लाइममध्ये तीन याद्या असतात आणि त्या साध्या सेटिंग फाइलीत लिहिलेल्या असतात: वगळायचे फोल्डर, वगळायच्या फाइली, आणि बायनरी समजायच्या फाइली. तिसरी यादी मला फार आवडते. तिच्यात टाकलेली फाइल बाजूच्या झाडात राहते, पण 'गोटू एनिथिंग'मध्ये आणि मजकुराच्या शोधात येत नाही. चित्रे आणि फॉन्ट मुळात त्यात असतात. त्यात तुम्ही पॅकेजांच्या आवृत्त्या नोंदवणाऱ्या लॉक फाइली घातल्या की रोजचा कचरा संपतो. काय लपले आहे ते तीन ओळी वाचून कळते.

निओव्हिमवाल्यांनी रिपग्रेपचा स्वभाव नीट समजून घ्यावा. रिपग्रेप आपणहून गिटइग्नोर पाळतो आणि त्याशिवाय टिंबाने सुरू होणाऱ्या फाइली-फोल्डरही सोडतो. व्हीएस कोड तोच रिपग्रेप वापरूनही टिंबवाले फोल्डर शोधतो, कारण तो तसे बजावून सांगतो. म्हणून गिटहबच्या वर्कफ्लो फाइलींचा फोल्डर व्हीएस कोडमध्ये सापडतो आणि टेलिस्कोपच्या मूळ सेटिंगमध्ये सापडत नाही. रिपग्रेपच्या आज्ञेला वजाच्या चिन्हानंतर यू हे अक्षर एकदा जोडले की गिटइग्नोर बाजूला, दोनदा जोडले की टिंबवाल्या फाइलीही आत, तीनदा जोडले की बायनरीसुद्धा. हे एकदा हाताला बसले की चौघांत सर्वांत पारदर्शक साधन हेच वाटते.

आवाका कमी करणे

हजारभर रिझल्ट आले की फोल्डर आणि एक्स्टेन्शन देऊन गाळावे लागते. व्हीएस कोडच्या 'समाविष्ट फाइली' चौकटीत नुसते फोल्डरचे नाव लिहिले, तर त्या नावाचा फोल्डर कुठल्याही पातळीवर असला तरी धरला जातो. मुळाशी असलेलाच हवा असेल, तर आधी टिंब आणि तिरकी रेघ द्यावी लागते. मोनोरेपोत, म्हणजे अनेक प्रोजेक्ट एकत्र ठेवलेल्या रेपोत, हा फरक फार मोठा आहे. हे सगळे लक्षात ठेवायचे नसेल, तर झाडातल्या फोल्डरवर राइट-क्लिक करून 'फाइंड इन फोल्डर' घ्या.

इंटेलिजे इथे पुढे जातो. 'स्कोप' एकदा नाव देऊन जतन करता येतो, उदाहरणार्थ 'पेमेंटचे मॉड्यूल, पण टेस्ट सोडून', आणि तो पुढे प्रत्येक शोधात निवडता येतो. त्याशिवाय 'फक्त कॉमेंटमध्ये', 'फक्त स्ट्रिंगमध्ये' किंवा 'कॉमेंट सोडून' असेही गाळता येते. सब्लाइममध्ये सगळे एकाच 'व्हेअर' चौकटीत जाते. वगळायचे असेल त्याच्या आधी वजाचे चिन्ह. थोडक्यात असले तरी पुरेसे आहे.

सापडल्यावर पुढे काय

सब्लाइम रिझल्ट साध्या मजकुराच्या टॅबमध्ये ओततो, तो जपून ठेवता येतो. इंटेलिजे वापर गटवार मांडतो आणि नको ते ओळीने वगळून बाकीचे बदलू देतो. व्हीएस कोड बदलाआधी जुने-नवे शेजारी दाखवतो. निओव्हिममध्ये रिझल्ट क्विकफिक्स यादीत (सापडलेल्या ठिकाणांच्या यादीत) ढकलून प्रत्येक ठिकाणी एकच आज्ञा चालवता येते. बदल नुसत्या शोधा-बदलापेक्षा गुंतागुंतीचा असेल, तिथे ही पद्धत फार उपयोगी पडते. जानेवारी २०२४ मध्ये मुक्तस्रोत झालेल्या झेड या एडिटरचेही नाव इथे घ्यायला हवे: त्याच्या शोधाच्या टॅबमध्येच थेट टाइप करा, मूळ फाइली बदलतात.

मग घ्यायचा कोणता

जावा, कोटलिन किंवा कुठलाही जुना, मोठा, अनेक हात लागलेला प्रोजेक्ट आणि सोळा जीबी मेमरी असेल, तर इंटेलिजे. वेबचे काम आणि टाइपस्क्रिप्ट असेल, तर व्हीएस कोड, ते दातेरी चाक लक्षात ठेवून. लॅपटॉप जुना असेल किंवा मोठाल्या लॉग फाइली चाळायच्या असतील, तर सब्लाइम. लायसन्स ९९ डॉलरचे आहे, पण मुदतीशिवाय वापरून पाहता येतो. टर्मिनलमध्ये आणि सर्व्हरवर बसून काम करत असाल, तर निओव्हिम, आणि सेटिंगसाठी वेळ देण्याची तयारी ठेवा.

कोडमध्ये मराठी मजकूर असेल तर

मराठी अ‍ॅपच्या भाषांतराच्या फाइली सांभाळणाऱ्यांची एक अडचण चौघेही सोडवत नाहीत. 'करणाऱ्या'मधला 'ऱ्या' युनिकोडमध्ये तीन प्रकारे लिहिला जाऊ शकतो: 'ऱ' हे एकच अक्षर घेऊन, 'र' आणि नुक्ता (खालचा टिंब) वेगवेगळे घेऊन, किंवा 'र', हलन्त आणि न दिसणारा झिरो-विड्थ जॉइनर घेऊन. पडद्यावर साधारण सारखेच दिसते, पण एका रूपाने शोधले तर दुसरे सापडत नाही. कोणते रूप उमटते ते कीबोर्डवर अवलंबून, म्हणून दोघांनी भरलेल्या फाइलीत दोन रूपे असू शकतात. एनएफसी नॉर्मलायझेशनने, म्हणजे युनिकोडची रूपे एकसारखी करण्याच्या ठरलेल्या पद्धतीने, नुक्त्याचे रूप 'ऱ'मध्ये मिळते, पण जॉइनरचे तसेच राहते. ते वेगळ्या स्क्रिप्टने बदलावे लागते. तोवर रेगेक्स (नमुन्याने शोधण्याची सोय) चालू करून तिन्ही रूपे कंसात उभ्या रेघेने जोडून शोधा.

शब्दसीमेबाबतही, म्हणजे रेगेक्समध्ये शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे सांगणाऱ्या खुणेबाबतही, जपावे. व्हीएस कोडमध्ये चालू फाइलीतला शोध जावास्क्रिप्टच्या रेगेक्सवर चालतो, आणि त्याची शब्दसीमा फक्त इंग्रजी अक्षरे ओळखते. प्रोजेक्टभरचा शोध, एडिटरमध्ये उघड्या असलेल्या फाइली सोडून, रिपग्रेपवर चालतो, त्याला देवनागरी अक्षरे आणि मात्रा कळतात. त्यामुळे शब्दसीमा घालून 'कर' शोधले, तर प्रोजेक्टच्या शोधात ते बंद फाइलींत बरोबर सापडते आणि उघड्या फाइलीत मात्र काहीच मिळत नाही. मराठी मजकुरासाठी रेगेक्सची शब्दसीमा वापरायची असेल, तर कंट्रोल-एफऐवजी कंट्रोल-शिफ्ट-एफ घ्या, आणि एकाच फाइलीत शोधायचे असेल तरी ती आधी बंद करून तिचे नाव समाविष्ट फाइलींच्या चौकटीत लिहा.